'अमूर्त' म्हणजे न कळणारे नव्हे

नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा परिचय लिहिताना त्यांना 'अमूर्त चित्रकार' म्हणावे की 'निराकार चित्रकार', असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. निराकार मुळीच म्हणू नये. त्यांच्या अनेक चित्रांत लिपीतील खुणांसारखे आकार स्पष्ट दिसतात, आणि तरीही 'निराकार'चा आग्रह धरणारे समीक्षक चित्र पाहून नव्हे, तर भजन ऐकून लिहीत असावेत.

'अमूर्त'ची हेळसांड मात्र आपल्या शहरात रोज कानांवर येते. न उमगलेले चित्र अमूर्त, न उमगलेली कविता अमूर्त, आणि आता तर न उमगलेला अर्थसंकल्पही अमूर्त! जे कळत नाही त्याला मराठीत दुर्बोध म्हणतात.

'मूर्त'चा धातू आहे मूर्च्छ्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचे मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे भान हरपणे आणि वाढत जाणे, असे दोन अर्थ देतो. पहिल्यातून मूर्च्छा आली, आणि दुसऱ्यातून, माझ्या मते, स्वरांच्या चढउताराची मूर्च्छना. घट्ट होणे ही छटाही याच धातूची आहे. डिसेंबरातील पहाटे बाटलीतले खोबरेल थिजते, तसे जे थिजून हाती लागते ते मूर्त. (पाणिनीने ८.२.५७ या सूत्रात येथील 'त'चा 'न' होऊ दिला नाही, अन्यथा आपण 'मूर्ण' म्हणत बसलो असतो.) बृहदारण्यकोपनिषद तर मूर्त आणि अमूर्त ही ब्रह्माची दोन रूपे सांगते आणि वायू व अंतरिक्ष यांना अमूर्त म्हणते. म्हणजे अमूर्त हेही रूपच आहे, फक्त न थिजलेले.

मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतलेले, पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेले आणि झेन या बौद्ध पंथाच्या विचारात रमलेले गायतोंडे स्वतःच्या चित्रांना 'ॲबस्ट्रॅक्ट', म्हणजे ज्याला आपण मराठीत 'अमूर्त' म्हणतो ते, म्हणवून घेत नसत. त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेले, हा शब्द जवळचा वाटे. त्यांना 'अमूर्त' हा शब्दही लावू नये, असा निष्कर्ष यावरून काही जाणकार काढतात, आणि तेथेच ते फसतात. 'ॲबस्ट्रॅक्ट'च्या लॅटिन मुळाचा अर्थ ओढून वेगळे काढणे असा आहे. त्यात आधी वस्तू गृहीत धरावी लागते आणि मग तिच्यातून सार काढावे लागते. रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावण्या-खरवडण्याच्या पात्याने, थरावर थर चढवत, मध्येच रंग उचलून काढत, गायतोंडे जे घडवत होते त्याच्या मागे अशी कोणतीही वस्तू नव्हती. 'अमूर्त'मध्ये ओढून काढण्याचा भाव मुळातच नाही. इंग्रजी शब्दाचा दोष संस्कृत शब्दाच्या माथी मारण्याचे कारण काय? परिचयात 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह'साठी शब्द हवाच असेल, तर 'वस्तुनिरपेक्ष' लिहावे, आणि तेही 'अमूर्त' न खोडता.