बेळगावजवळच्या जांबोटीच्या वाटेवरचा ‘पांढरा ताम्हण’ हा खरंच ताम्हण असतो का?

नाही. तो नाणा. कन्नडमध्ये नंदी म्हणतात, वखारीतही नंदीच. ताम्हणाचा भाऊबंद आहे, पण ताम्हण नव्हे. आमच्या गल्लीतले एक ज्येष्ठ ‘ताम्हणाचीच पांढरी जात’ म्हणून अजून भांडतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फुलाच्या रंगावर जाऊ नका. चुरगळल्यासारख्या सहा पाकळ्या न् मधे पिवळे पुंकेसर, हे दोन्हीकडं सारखंच. ताम्हणाचं फूल 5 ते 7 सेंमी, जांभळट गुलाबी. नाण्याचं पांढरं, फार लहान, पण घोसच्या घोस. मात्र उंच झाडावरच्या फुलाचं माप खालून कळत नाही, आणि उतरत आलेलं ताम्हणाचं फूलही फिकट दिसतं.

बोंड बघा. सुकलेली बोंडं उकलल्यावरही बरेच महिने फांदीला राहतात. नाही तर बुंध्याजवळचा पाला चाळा. ताम्हणाचं बोंड गोलसर, टणक, 2 ते 2.5 सेंमी, बहुधा सहा फाकांत उकलणारं. नाण्याचं लांबट, जेमतेम सव्वा सेंमी, फाका बहुधा चार. एका बोंडावर निकाल देऊ नका. ताम्हणात मधेच पाच फाकांचंही निघतं.

मग खोड. नाण्याचं पांढुरकं, सरळसोट. साल कागदासारख्या पातळ, लांब पट्ट्यांनी सुटते. ताम्हणाची पेरूसारखी तुकड्यातुकड्यांनी. पांढऱ्या खोडाला अर्जुन समजणारेही भेटतात. अर्जुनाच्या फळाला पाच पंख असतात, विषय संपला. पान उलटं करून बघा: नाण्याचं खालून पांढुरकं असतं. ताम्हणाचं मोठं, 20 सेंमीपर्यंत जातं, आणि गळण्याआधी तांबूस होतं.

रानात जागाही सांगते. ओढ्या-नदीच्या काठाला ताम्हण (कन्नडमधलं होळेदासवाळ), उतारावरच्या पानगळीच्या रानात नाणा. रस्त्याकडेला लावलेल्या झाडांना हा नियम लागू नाही. कोरड्या रानात यांचाच आणखी एक भाऊबंद, बोंडाराही भेटतो, फुलं पांढरी पण वासाची, बोंड नाण्यापेक्षा मोठं.

शहरात घोळ वेगळाच. आमच्या मंडळानं 1 मेच्या सुमाराला फुलणारा, महाराष्ट्राचं राज्यफूल असलेला ताम्हण हवा म्हणून रोपं आणली. नर्सरीवाल्यानं ताम्हण सांगून थोरेली गळ्यात मारली. ही परदेशी जात, फूल ताम्हणापेक्षा लहान. एकाच घोसात नवी फुलं जांभळी, जुनी जवळजवळ पांढरी. झालं, गल्लीतल्या त्या गृहस्थांना पुरावाच मिळाला: ‘बघा की, एकाच झाडाला दोन्ही रंग!’ अहो, त्या झाडाचं बोंड तरी हातात घ्या. ताम्हणाच्या बोंडापेक्षा बरंच लहान. घेत नाहीत.

रोप विकत घेऊच नका, बी धरा. थंडीत बोंडं तपकिरी झाली की उकलायच्या आत काढायची, कागदावर उन्हात पसरायची. पंखाचं बी आपसूक गळतं. पेरल्यावर वर मातीचा पातळ थरच द्यायचा, खोल गेलं तर उगवत नाही. घ्यायचंच झालं तर ज्या झाडाचं बी धरलंय ते झाड दाखवणाऱ्याकडूनच घ्या. वीतभर रोपाच्या पानावरून ताम्हण की थोरेली हे छातीठोक सांगणाऱ्यावर, तो कितीही जुना माळी असो, विश्वास ठेवू नका.