एका खेपेला एकच चित्र

फोंडा, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकापर्यंत गेलीस, तिथल्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाच्या पायऱ्या पाहिल्यास आणि 'आपलं काय काम तिथं' म्हणून माघारी फिरलीस, हे वाचून जीव हळहळला. अगं, ती गॅलरी १८२४ साली सुरू झाली ती सरकारने जनतेच्या पैशातून विकत घेतलेल्या ३८ चित्रांवर. ती चित्रं ज्याची, तो अँगरस्टाइन रशियात जन्मलेला आणि पोरवयात लंडनला आलेला. तुझ्यासारखाच परका! इमारतीची जागाही मुद्दाम चौकात निवडली, श्रीमंतांना आणि कष्टकऱ्यांनाही यायला सोयीची.

कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. दाराशी पिशवी तपासतात, पण ती सगळ्यांचीच. दानपेटीत पैसे टाकणं ऐच्छिक आहे, तेव्हा सध्या हात आखडलेला असेल तर बिनदिक्कत पुढे जा. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडी असते, ड्युटी आटोपूनही जाता येईल.

मात्र सगळी गॅलरी पाहण्याच्या फंदात पडू नकोस. एका खेपेला एकच चित्र पाहा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने तिथली चित्रं वेल्समधल्या एका खाणीत नेऊन ठेवली होती. रिकाम्या भिंती लंडनकरांना सोसवेनात. तेव्हा १९४२ पासून दर महिन्याला एक चित्र आणून मांडू लागले. सुरुवात तिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या एका चित्राने झाली. घरं पडलेली, अन्न रेशनवर, आणि माणसं त्या एका चित्रासाठी येत होती. महिनाभर एक चित्र त्यांना पुरलं, तुला एक संध्याकाळ नक्की पुरेल.

पहिल्यांदा जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी, शोध. १८२१ सालचं. भर दुपार, नदीच्या उथळ पाण्यात उभी राहिलेली गाडी, काठावर कुत्रा, पलीकडे दूर गवत कापणारी माणसं. हे त्याच्या बापाच्या गिरणीजवळचं पाणी. सफोकमध्ये, म्हणजे त्याच्या गावाकडे, केलेल्या रेखाटनांवरून त्याने ते लंडनमध्ये बसून रंगवलं. गाव सोडून शहरात आलेला माणूस गावाकडचं आभाळ किती निगुतीने आठवतो, ते तुला तिथल्या कुणापेक्षाही लवकर कळेल. आज इंग्लंड ज्याला आपलं म्हणून मिरवतं, ते चित्र तेव्हा लंडनच्या प्रदर्शनात विकलं गेलं नव्हतं. त्याचं कौतुक झालं ते परदेशात, १८२४ मध्ये पॅरिसला. तिथं त्याला सुवर्णपदक मिळालं.

पाहायचं कसं, हे तुला नव्याने शिकवायला नको. मोरजाईच्या देवळात कावीची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची, भिंतीवरची चित्रं पाहताना तू विचारलं होतंस, "सर, हा पांढरा रंग नंतर लावला का?" तो रंग नव्हताच, वरचा तांबडा थर खरवडल्यावर उघडा पडलेला चुना होता. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तो प्रश्न सुचला नाही. तेच डोळे घेऊन जा. आधी चित्र, शेजारची पाटी मागाहून. पाटी आधी वाचली की माणूस पाटीतलंच चित्रात शोधत बसतो.

एक गोष्ट हट्टाने सांगतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, ब्रिटिश म्युझियममधली आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं, हे सगळं पाहच, आणि तिथं कसं आलं तेही पाटीवर वाच. राग आला तर येऊ दे, रास्तच आहे. पण सुरुवात तिथून नको. परमुलखात माणूस आपल्या ओळखीच्या दालनात शिरतो आणि तिथंच राहतो. ज्या लोकांत आता तुला दिवस काढायचे आहेत, त्यांनी आपली शेतं, आपला पाऊस कसा पाहिला, ते आधी बघ. टर्नर या इंग्रज चित्रकाराची पावसातली आगगाडी त्याच गॅलरीत आहे. आपल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, तेही तिथल्या संग्रहालयांत हिंडले असतीलच. त्यांचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' आता टेट गॅलरीच्या संग्रहात आहे. मांडलेलं असलं तर बघ.

आत पेन्सिलीने रेखाटन करू देतात, रंग मात्र नेऊ नकोस. मला मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, ते चित्र मी पुस्तकात पाहिलंय. तुझं कच्चं रेखाटन पाठव, गाडीची चाकं वाकडी आली तरी चालतील. शिवाय गाडी पाण्यात का थांबवली असावी, तुला काय वाटतं, तेही लिही.

तुझे,
सर