पावसाळाभर बंद असलेला जुना डेस्कटॉप: आधी मीठ काढा, मग एसएसडी

देवगडच्या घरातला २०१२ चा डेस्कटॉप (दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम) पावसाळाभर बंद होता, आता पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकून काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. एसएसडीचं नंतर. बोर्ड गेला असंही लगेच धरू नका. किनाऱ्यावर अशा वेळी पहिला संशय रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर घ्यायचा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीत बसतं, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातू गंजायला लागतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम काढून उजेडात तिरकी धरा. पट्ट्यांवर पांढुरका थर किंवा हिरवट ठिपके दिसतात का बघा. बरेच जण थेट आयसोप्रोपिलने (साफसफाईचं अल्कोहोल) पुसतात, पण मीठ त्यात जवळपास विरघळतच नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलेलं सुती फडकं फिरवा (गाडीच्या बॅटरीत वरून घालतात ते पाणी, ॲसिड नव्हे), मग आयसोप्रोपिल. खोडरबर घासत बसू नका: सोन्याचा मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच रडगाणं. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने झाडा. रॅमच्या दोन काड्या असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून बघा.

बोर्डवरचा तारीख-वेळ जपणारा गोल सीआर२०३२ सेल मल्टीमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदलाच. तारीख मागे गेली की ब्राउझर साइट उघडू देत नाही आणि माणूस उगाच इंटरनेटला दोष देतो. कपॅसिटरची (बोर्डवरच्या छोट्या उभ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली दिसली, तर मात्र या बोर्डावर पैसे घालू नका.

मशीन चालू झालं की २.५ इंची साटा एसएसडी, २४० जीबीची पुरे. एच६१ चा साटा (डिस्क जोडायची जागा) ३ गिगाबिटचाच, महागडी घेऊन वेग वाढणार नाही. तरीही फरक डोळ्यांना दिसेल. सिस्टम इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साटासाठी एएचसीआय मोड निवडा. जोडीला डीडीआर३ ची ४ जीबी काडी घ्या; स्वस्तात मिळणाऱ्या ‘फक्त एएमडी’वाल्या काड्या या बोर्डावर चालत नाहीत. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकेन.

पुढच्या पावसात रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर नेटची वायरही काढायची.