मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने प्रोप्रायटरी सॉफ्टवेअरबद्दलची आपली भूमिका वापरणाऱ्यांना कशी सांगावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा एक छोटा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो असा. वापरणारे सारखे विचारतात की अमुक बंद, म्हणजे प्रोप्रायटरी (कंपनीच्या मालकीचा, कोड न दाखवलेला) ड्रायव्हर कसा टाकायचा, तमुक कोडेक (आवाजाच्या किंवा व्हिडिओच्या फाईल चालवणारा भाग) का दिलेला नाही. "आम्ही ते देत नाही" म्हटलं की ते दुखावतात, आणि गुपचूप मदत केली तर सहकाऱ्यांना वाटतं की तत्त्व सोडलं.

मी काही वर्षं एका मुक्त प्रोग्रामची देखभाल करतो. स्कॅन केलेली पानं सरळ करायची, डाग काढायचे आणि पीडीएफ बनवायची, एवढंच त्याचं काम. तुमचा प्रश्न आमच्याकडे स्कॅनरच्या रूपाने येतो. काही स्कॅनरमध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्राला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, कायमचं साठवलेलं नसतं. स्कॅनर चालू केला की दर वेळी संगणकाने ते त्याच्याकडे पाठवावं लागतं. ती फाईल कंपनीच्या मालकीची असते. लिनक्स या मुक्त प्रणालीवर स्कॅनर चालवणारं 'सेन' हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, पण ती फाईल मिळेपर्यंत असा स्कॅनर जागचा हलत नाही.

एका बाईंना आजोबांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करायच्या होत्या. त्यांनी विचारलं, "स्कॅनर लावलाय, पण काहीच होत नाही, काय करू?" मी उत्तर दिलं, "हा स्कॅनर प्रोप्रायटरी फर्मवेअर मागतो. आमचा प्रकल्प प्रोप्रायटरी सॉफ्टवेअरला पाठिंबा देत नाही." दोन्ही वाक्यं खरी होती, पण त्यांत वह्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी आभार मानले आणि सगळं काम कंपनीच्या बंद प्रोग्रामवर नेलं. म्हणजे एका छोट्या फाईलपायी त्यांचं अख्खं काम बंद सॉफ्टवेअरमध्ये गेलं, आणि त्याला माझं उत्तर कारण झालं. ते मला अजून लागतं.

आज तोच प्रश्न आला तर मी असं लिहितो:

"तुमच्या स्कॅनरला चालू होताना एक फर्मवेअर फाईल लागते. तिचा सोर्स (मूळ कोड) कंपनीने दिलेला नाही आणि ती वाटायची परवानगी आम्हाला नाही, म्हणून ती आमच्या पॅकेजमध्ये नाही आणि तिच्यात बिघाड निघाला तर आम्ही तो दुरुस्त करू शकत नाही. स्कॅनरसोबत आलेल्या सीडीवर ती असेल, तर सेनच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये 'फर्मवेअर' लिहिलेल्या ओळीत ती कुठे ठेवली आहे ते द्या. पुढचं सगळं आमच्या प्रोग्राममध्ये होईल. पुढेमागे नवा स्कॅनर घेतलात, तर अशी फाईल न लागणारी मॉडेलं आम्ही एका पानावर लिहून ठेवली आहेत, ती बघून घ्या."

भूमिका तसूभरही बदललेली नाही. फाईल आम्ही तेव्हाही देत नव्हतो, आताही देत नाही. फरक पडला तो वाक्याच्या कर्त्यात. आम्ही काय देतो, काय देत नाही आणि का, एवढंच आम्ही आमच्याबद्दल बोलतो. मराठीत "प्रोप्रायटरी ड्रायव्हर वापरू नये" असं वाक्य फार सहज लिहून जातं. कोण सांगतंय आणि कोणाला, हे त्यात कुठेच नसतं. वाचणाऱ्याला मात्र ते थेट स्वतःला दिलेल्या तंबीसारखं लागतं. तुमच्या पानांवर असली 'नये' शोधा आणि प्रत्येकाच्या जागी 'आम्ही'ने सुरू होणारं वाक्य लिहून बघा. काही ठिकाणी वाक्य जुळणारच नाही. तिथे प्रकल्पाची भूमिका नसते, कोणाचं तरी वैयक्तिक मत असतं, ते काढून टाका.

कारण देताना तुमच्या कामातलं कारण द्या. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, हे फार चांगलं करतो. त्यात प्रोप्रायटरी मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा जोडायचा भाग) लोड केलं तर तो ते अडवत नाही, पण स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) अशी खूण करतो आणि ती लॉगमध्ये दिसते. पुढे कर्नल कोसळला आणि तुम्ही तक्रार नोंदवलीत, तर विकासकांना ती खूण दिसते. बहुधा ते सांगतात की ते मॉड्यूल काढून हाच दोष पुन्हा दाखवा, कारण जो कोड वाचताच येत नाही त्याने मेमरीत काय उलथापालथ केली असेल हे त्यांना कळायला मार्ग नाही. हे सांगितलं की सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याची व्याख्या कधी न ऐकलेल्या माणसालाही मुद्दा पटतो.

याच कर्नलच्या इतिहासातली दुसरी गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना हटकून सांगतो. 2002 पासून कर्नलचा कोड सांभाळायला बिटकीपर नावाचं प्रोप्रायटरी सॉफ्टवेअर वापरलं जायचं. ते फुकट मिळायचं आणि कामाला उत्तम होतं. 2005 मध्ये कंपनीने फुकट वापर बंद केला आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पाला एका फटक्यात दुसरी सोय बघावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिटकीपरच्या जागी गिट हे मुक्त सॉफ्टवेअर जन्माला आलं. फुकट आणि मुक्त यांत काय फरक आहे, असं कोणी विचारलं तर मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द तयार आहेत. आपणच लिहिताना 'फ्री' म्हणतो आणि मग वाचणारा फुकट समजला म्हणून हळहळतो. तुमच्या पानावर 'मुक्त'च लिहा.

भूमिका कुठे सांगायची, हेही तितकंच महत्त्वाचं. मुखपृष्ठावरचा जाहीरनामा फार थोडे लोक वाचतात. निर्णय घ्यायच्या क्षणी समोर आलेली ओळ मात्र बहुतेक जण वाचतात. अँड्रॉइडसाठी मुक्त ॲप देणारं एफ-ड्रॉइड बघा. एखादं ॲप मुक्त नसलेल्या सेवेवर अवलंबून असेल किंवा वापरणाऱ्याच्या हालचाली नोंदवत असेल, तर ते त्या ॲपच्याच पानावर लिहिलेलं असतं. टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

डेबियन या लिनक्स वितरणाचा (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम एकत्र करून देणाऱ्या प्रकल्पाचा) अनुभव जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा पेच तिथे फार मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला. 1997 च्या त्यांच्या सामाजिक करारात पहिलंच वचन आहे की डेबियन संपूर्ण मुक्त राहील. पण त्याच करारात हेही मान्य केलं आहे की काही वापरणाऱ्यांना मुक्त नसलेल्या गोष्टी लागतात. त्या वेगळ्या विभागात मिळतील, मात्र त्या डेबियनचा भाग नाहीत. पुढे अडचण झाली ती फर्मवेअरची. लॅपटॉपचं वायफाय बंद फर्मवेअरशिवाय चालेना, आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये (डेबियन संगणकावर टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते नव्हतं. फर्मवेअरसकट इन्स्टॉलर होता, पण अनधिकृत म्हणून बाजूला ठेवलेला, नवख्याला सहज न सापडणारा. त्याहून वाईट म्हणजे नव्या लॅपटॉपमध्ये आवाजासाठीही फर्मवेअर लागू लागलं. जो अंध माणूस इन्स्टॉलर ऐकून वापरतो, त्याच्यापुढे तो मुकाच राहायचा.

2022 मध्ये त्यांनी मतदान घेतलं, सामाजिक करारात तशी भर घातली, आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच ते फर्मवेअर यायला लागलं. मला आदर वाटतो तो त्यासोबत ठरवलेल्या गोष्टींचा: फर्मवेअरसाठी स्वतंत्र विभाग, कोणतं फर्मवेअर वापरलं गेलं हे वापरणाऱ्याला सांगणं, आणि नको असेल तर ते बंद करायची सोय. भूमिका वाकवली, पण कुठे आणि कोणासाठी ते उघडपणे लिहून ठेवलं. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेला हे मान्य नाही. ते डेबियनची शिफारस करत नाहीत, ट्रिस्क्वेल आणि गिक्ससारख्या वितरणांची करतात. मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात, कारण दोन्हीकडे वापरणाऱ्याला आधीच कळतं की त्याला काय मिळणार आणि काय नाही.

"विंडोजवर कसं चालवायचं ते लिहायचं का?" याला मी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग नियमावलीतली पद्धत वापरतो. त्यांचं धोरण अतिशय कडक आहे, तरी प्रचलित बंद प्रणालीवर आपला प्रोग्राम कसा चालवायचा हे सांगायला त्यांची हरकत नाही. मुक्त प्रणालीची कृती आधी द्यायची, आणि बंद प्रणालीबद्दल आपला प्रोग्राम चालण्यापुरतंच सांगायचं. तिची भलामण करायची नाही. बरेच जण मुक्त सॉफ्टवेअर पहिल्यांदा बंद प्रणालीवरच वापरतात, त्यांना दारातून परत पाठवू नका.

वापरणारे तुमच्यातली विसंगतीही दाखवतील: "गप्पांचा ग्रुप तर बंद ॲपवर आहे." आमचाही होता. तेव्हा सारवासारव करू नका. ग्रुप का आहे, मुक्त पर्याय कोणता चाचपडताय, आणि त्या ॲपवर खातं न काढता प्रश्न कुठे विचारता येईल, हे भूमिकेच्या पानावरच लिहा.

आणि ते पान लहान ठेवा, एका स्क्रीनमध्ये मावेल इतकं. आमचं चार परिच्छेदांचं आहे: काय देतो, काय देत नाही आणि का, तुमचं काम अडलं तर कुठे विचारायचं, आणि भूमिकेला अपवाद कोण ठरवतो. शेवटचा परिच्छेद आम्ही फार उशिरा घातला, आणि तोवर प्रत्येक अपवादावर भांडलो. तुमचा मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचून सांगतो.