वाचकांचे प्रश्न : मॉरिशसची दोन वटवाघळे

प्रश्न : माझी बहीण मॉरिशसला असते. तिथे लिचीच्या बागा वाचवण्यासाठी सरकारच वटवाघळे मारते, रॉड्रिग्ज बेटावर मात्र ती जपली जातात, असे ती सांगते. ही वटवाघळे एकाच जातीची आहेत का? अधिक धोका कोणाला आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडील मोठे फळखाऊ वटवाघूळ ज्या टेरोपस गटात मोडते, त्याच गटातील या दोन निराळ्या जाती आहेत. मॉरिशसचे वटवाघूळ आकाराने मोठे असते. पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्जचे त्याहून लहान असून त्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर सोनेरी लव असते. मॉरिशसवर पूर्वी आणखी एक लहान जात होती. ती एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाली.

रॉड्रिग्जची जातही त्याच वाटेवर होती. जंगलतोड आणि चक्रीवादळे यांमुळे १९७० च्या दशकात तिची संख्या शंभराच्याही खाली आली. १९७६ मध्ये ब्रिटिश निसर्गलेखक आणि प्राणिसंवर्धक जेरल्ड ड्यूरेल यांनी काही वटवाघळे पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेली. पुढे बेटावर झाडे वाढली आणि लोकांचे मनही वळले, त्यामुळे आज तेथे सुमारे वीस हजार वटवाघळे आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) धोक्यातील जातींच्या यादीत ही जात पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ होती. ती आता ‘संकटग्रस्त’ गणली जाते.

मॉरिशसच्या जातीचा प्रवास मात्र उलटा झाला. २०१५ मध्ये सरकारी मोहिमेत तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली गेली, त्यानंतरही अशा मोहिमा झाल्या, आणि २०१३ मध्ये ‘असुरक्षित’ या त्यामानाने कमी धोक्याच्या वर्गात असलेली ही जात २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरली. संख्येने अधिक असूनही ती त्याच वर्गात का, असे वाटेल. परंतु धोका ठरवताना डोकी मोजण्याइतकेच ती किती वेगाने घटत आहेत हेही पाहिले जाते, आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू होत असल्याने अशी घट लवकर भरून निघत नाही. म्हणून आज मॉरिशसच्या जातीची काळजी मला अधिक वाटते. रॉड्रिग्जच्या जातीला भीती आहे ती एखाद्या मोठ्या वादळाची, कारण तिला दुसरे बेटच नाही.

बागायतदाराचे नुकसान खरे आहे; पण झाडांवर जाळी घातल्यास ते बरेच टळते. शिवाय तिथल्या उरल्यासुरल्या मूळ जंगलातील मोठ्या बियांची फळे दूर नेऊन टाकणारे आता हेच वटवाघूळ आहे. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत ठेवले होते, हे आपल्या बहिणीलाही अवश्य कळवावे.