वाचक विचारतात : खड्ड्यावरची करवत

प्रश्न : इंग्लंडमध्ये ससेक्सच्या एका खुल्या संग्रहालयात लाकूड चिरायचा खड्डा आणि माणसापेक्षा उंच करवत पाहिली. वरची मूठ पक्की होती, खालची नुसती पाचर मारून बसवलेली. अशी सैल मूठ कशासाठी?

उत्तर : सैल नाही, काढता-घालता येणारी. ओंडका खड्ड्यावर टाकलेल्या आडव्या लाकडांवर टेकलेला असतो. एक करवतकरी ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. ओंडक्याच्या लांबीने चिरत येणारी करवत आडव्या लाकडापाशी पोचली की पुढे जाऊ शकत नाही. तिथे खालची मूठ काढायची, पाते वरून उपसून घ्यायचे, ओंडका किंवा आधार सरकवायचा, पाते पुन्हा चिरेत सोडायचे आणि मूठ बसवायची. दोन्ही मुठी पक्क्या असत्या तर प्रत्येक वेळी चिरेतून मागे मागे येत करवत ओंडक्याच्या टोकातून बाहेर काढावी लागली असती. म्हणून एका आधारापर्यंतच्या साऱ्या चिरा एकामागून एक घेत आणि मगच ओंडका हलवत.

पाते साधारण सहा-सात फूट लांब, वर रुंद आणि खाली निमुळते. दात मात्र करवतकाठी लुगड्याच्या काठासारखे दोन्हीकडे सारखे उतरते नसत. त्यांची टोके खाली झुकलेली असत, कारण कापणे फक्त करवत खाली येताना होई. वर जाताना ती नुसती उचलली जाई. दातांमधल्या खाचा खोल आणि गोलसर ठेवत. सव्वा फूट जाडीच्या लाकडातून बाहेर पडेपर्यंत भुसा त्या खाचेतच मावायला हवा. खाच उथळ झाली की भुसा दाटतो आणि करवत कापण्याऐवजी घासू लागते.

प्रश्न : दोन माणसांनी एवढी सरळ फळी काढायची कशी? वरच्याला खालची बाजू दिसत नाही, खालच्याला वरची.

उत्तर : सरळपणा करवत चालवताना नव्हे, आखणीत ठरतो. साल काढून ओंडक्याच्या दोन बाजू कुऱ्हाडीने सपाट करायच्या, म्हणजे तो डगमगत नाही. तो खड्ड्यावर घेऊन लोखंडी आकड्यांनी आधाराच्या लाकडांना जखडायचा. मग दोन्ही टोकांच्या कापांवर ओळंबा सोडून उभ्या रेघा आखायच्या. एका टोकाच्या रेघेच्या माथ्यापासून दुसऱ्या टोकाच्या रेघेच्या माथ्यापर्यंत रंग लावलेले सूत ताणून मारायचे. ओंडका उलटा करून खालच्या बाजूवरही तसेच. चारही रेघा एकाच पातळीत आल्या की वरचा आपली रेघ पाहतो, खालचा आपली. एका टोकाचा ओळंबा पाव इंच चुकला तरी फळी पिळलेली निघते, आणि ते चिरून झाल्यावरच कळते.

वरचा कारागीर ओंडक्यावर उभा राहून करवत उचलतो आणि तिची दिशा राखतो. खड्ड्यातला ती खाली ओढतो, म्हणजे जोर खालच्याचा आणि जबाबदारी वरच्याची. दातांना कानस लावणे हेही वरच्याचेच काम, म्हणून मजुरीत आणि मानात तो पुढे असे. खालच्याच्या वाट्याला रुंद काठाची टोपी, डोळ्यांत जाणारा भुसा आणि पावसाळी दिवसांत पायाखालचा चिखल. पाते चिरेत जड जाऊ लागले की त्याला तेलाची चिंधी फिरवणेही त्याच्याकडेच.

बिघडते कुठे, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पाते मोकळे चालते. एका बाजूचे दात जास्त वाकले की करवत हळूहळू त्या बाजूला पळते. अशा वेळी वरच्याने मूठ पिळून तिला रेघेवर ओढायचा प्रयत्न केला तर फळीत पोट येते. खरा उपाय म्हणजे थांबून दात सारखे करणे. ओल्या, मऊ लाकडाला दात जास्त वाकवावे लागतात, सुक्या आणि कठीण लाकडाला कमी. दुसरी अडचण लाकडातल्या ताणाची. चीर लांबत गेली की दोन्ही भाग आत मिटू पाहतात आणि पाते आवळले जाते. त्यासाठी मागच्या चिरेत पाचर ठोकत जायचे, पण बेताने. जोरात ठोकली तर आखलेल्या रेघेऐवजी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने ओंडकाच तडकतो.

प्रश्न : मजुरी दिवसावर होती की फळ्यांवर?

उत्तर : इंग्लंडात चिरलेल्या क्षेत्रफळावर, शंभर चौरस फुटांना अमुक अशी. वीस फूट लांब आणि सव्वा फूट खोल अशी एक चीर म्हणजे पंचवीस चौरस फूट. अशा चार चिरा घातल्या की शंभर पुरे. त्यातून फळ्या निघतात तीनच, बाजूचे दोन गोलाकार तुकडे वेगळे. चीर पाव इंच रुंद धरली तर चार चिरांत एक इंच लाकूड भुसा होऊन खड्ड्यात जाते. महोगनीसारख्या महागड्या लाकडासाठी पातळ पाते लाकडी चौकटीत ताणून वापरत, ते याच कारणाने.

प्रश्न : हॉलंडात पवनचक्कीवर लाकूड चिरत असताना इंग्लंड खड्ड्यात का अडकून राहिले?

उत्तर : कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याची पवनचक्कीवर चालणारी करवत 1590 च्या दशकातली, म्हणजे युक्ती जुनीच. इंग्लंडात करवतकऱ्यांचा विरोध तीव्र होता. लंडनजवळ लाइमहाउसला चार्ल्स डिंगली याने उभारलेली करवत-चक्की त्यांच्या जमावाने मे 1768 मध्ये मोडून टाकली. पुढच्याच वर्षी संसदेने गिरण्या मोडणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा केला. तरी सगळा दोष विरोधाला देणे बरोबर नाही. चिरलेले सरळ लाकूड नॉर्वे आणि बाल्टिककडून जहाजांनी येतच होते. देशी ओक मात्र वाकडातिकडा. गलबतांच्या बरगड्यांना तर तसलाच लागे, आणि वक्र रेघेवरून करवत नेणे दोघा माणसांना जमे, चक्कीतल्या चौकटीला नाही. शिवाय खड्डा खणायला भांडवल लागत नाही. वाफेवरच्या गिरण्या आल्यावरही खेड्यांतले खड्डे विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले.

प्रश्न : दुबळ्या, हरणाऱ्या बाजूला इंग्रजीत ‘अंडरडॉग’ म्हणतात. तो मूळचा खड्ड्यातला करवतकरी, हे खरे का?

उत्तर : नाही. ओंडका धरणाऱ्या लोखंडी आकड्यांना ‘डॉग’ म्हणत, म्हणून ही कथा जुळवली गेली. शब्द कुत्र्यांच्या झुंजीतून आला आहे. मोठ्या असामीला ‘टॉप सॉयर’, म्हणजे वरचा करवतकरी, म्हणणे मात्र खरोखरच खड्ड्यावरून आले.

प्रश्न : आमच्या कोकणातल्या जुन्या घराच्या सागवानी तुळया हाताने चिरलेल्या आहेत की गिरणीत, कसे ओळखावे?

उत्तर : अंधारात तुळईला जवळजवळ टेकवून टॉर्च आडवा धरा. कमानीसारख्या वाकड्या रेघा दिसल्या तर गोल करवतीची गिरणी. सरळ आणि अगदी सारख्या अंतरावरच्या रेघा पट्टा-करवतीच्या. हाताच्या करवतीच्या रेघाही सरळ असतात, पण अंतर कमीजास्त आणि तिरपेपणा मधूनमधून बदलता, कारण वरचा थोडा पुढे-मागे झुकला की रेघ झुकते. आपल्याकडे खड्डा न खणता ओंडका घोडीवर तिरका उचलूनही चिरत. तसा ओंडका दोन्ही टोकांकडून चिरला असेल तर मध्ये दोन दिशांच्या रेघा भेटतात आणि तिथे न चिरता फोडलेला, खडबडीत त्रिकोणी तुकडा राहतो. तो सापडला तर शंका नको. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. म्हणून एकाच तुळईवर स्वच्छ रेघांचा पट्टा, मग ओरबाडल्यासारखा, मग पुन्हा स्वच्छ असा क्रम दिसला, तर मधे करवत कानशीवर गेली होती असे समजा. मात्र रंधा किंवा वाकस फिरवलेल्या बाजूवर यातले काही उरत नाही. छताकडची, कुणी न पाहिलेली बाजू तपासा.