लांबलेल्या आकडीत शिरेतून देतात त्या इंजेक्शनने श्वास बंद पडतो का?

पडू शकतो. पण आकडी तशीच चालू राहिली तर तो जास्त वेळा पडतो. मामांना पूर्ण डोस दिला म्हणून घरचे डॉक्टरांवर चिडलेत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून गप्प बसवेना.

मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते. एका रात्री सत्तर किलोचा तरणाबांड माणूस आकडी चालू असतानाच आत आणला. शुगर बघितली, ऑक्सिजन लावला, शीरही लगेच मिळाली. आकडी थांबवणारं लोराझेपाम ४ मिलिग्रॅम भरून मी तयार. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एकच मिलिग्रॅम द्या. श्वास गेला तर?" एक दिलं. हातपाय जरा मंदावले, पुन्हा सुरू. मग अजून एक. मग वाट बघा. मी म्हटलं, "सर, वजनाप्रमाणे चारही एकदम जायला हवेत." तर म्हणे, "मला शिकवू नका." या काटकसरीत अर्धा तास गेला, ओठ निळे पडले, नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. आणि सकाळी राउंडला साहेब काय सांगतात? "लोराझेपामने श्वास गेला." वर माझ्याकडे बघून, "म्हणत होतो ना!"

श्वास लोराझेपामने नाही, आकडीने गेला. रुग्णवाहिकेतच औषध देऊन केलेला २००१ चा एक अभ्यास आहे. त्यात लोराझेपाम किंवा त्याच जातीचं डायझेपाम मिळालेल्यांपैकी साधारण १० टक्के लोकांना श्वासाचा किंवा रक्तदाबाचा त्रास झाला. तुलनेसाठी नुसतं खोटं, म्हणजे औषधच नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत तो आकडा २२ टक्क्यांवर गेला. हा कागद तेव्हा माझ्या हातात असायला हवा होता.

उशीर का नडतो, तर ही औषधं मेंदूच्या पेशींवरच्या ज्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे पेशीला शांत करणाऱ्या खटक्यांवर, काम करतात, ते आकडी लांबली की पेशीच्या आत ओढले जातात. पाचव्या मिनिटाला ज्या डोसने आकडी थांबली असती, तोच तिसाव्या मिनिटाला वाया जातो. म्हणून पाच मिनिटं उलटली की पहिलाच डोस पूर्ण द्यायचा, गरज पडली तर तोच एकदा पुन्हा. तेवढ्याने नाही थांबली तर आकडीची दुसरी औषधं: लेव्हेटिरासिटाम, व्हॅलप्रोएट किंवा फॉसफेनिटॉइन. तिघांचा गुण सारखाच, जेमतेम निम्म्या रुग्णांत. २०१९ च्या मोठ्या चाचणीत तेच दिसलं. साधं फेनिटॉइन असेल तर ते नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, मॉनिटरवर डोळा ठेवून. हृदयाचे ठोके बिघडतात. त्याच्याही पुढे गेलं तर आयसीयूत भूल.

आता हेही खरं, की पेशंट खूप म्हातारा असेल, दारू प्यायलेला असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर श्वास दबण्याची भीती खरीच जास्त. पण त्यासाठी उशाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) तयार ठेवायची, डोस कापायचा नाही. शीर मिळत नसेल तर मांडीत मिडाझोलमचं (लोराझेपामच्याच जातीचं औषध) इंजेक्शन द्यावं, शीर शोधत बसू नये. शिरेतली औषधं घरी कुणी देऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.

मामांना पुन्हा न्यायची वेळ आली तर आकडी किती वाजता सुरू झाली, वजन किती, आणि घरी नाकात मिडाझोलमचा फवारा मारला असेल तर किती, हे दारातच सांगा. कुणी "अर्धंच देऊन बघू" म्हणालं, तर अर्धं का, ते तिथल्या तिथे विचारा.